धावपट्टीवरची वहिवाट

२०१७ सालच्या डिसेंबरात ओझरहून मुंबईला विमान सुरू झालं तेव्हा आमच्या नाशकात त्याचं कौतुक जरा जास्तच झालं. ‘उडान’ योजनेतलं विसेक आसनांचं छोटं विमान ते. कसारा घाट चढायला-उतरायला नको, म्हणून व्यापारी खूश, डॉक्टर खूश, वर्तमानपत्रं तर त्याहून खूश. ते फार काळ टिकलं नाही. त्या दिवसांतल्या बातम्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता : स्लॉट. विमान आहे, वैमानिक आहे, प्रवासी आहेत, सरकारी अनुदानही आहे. मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मात्र नाही.

माझा विमानांशी तसा काही संबंध नाही. तीसेक वर्षं मी जमिनीचे कागद पाहण्याचं काम करतो. घेणाऱ्याच्या वतीने जुने सातबारे, फेरफार, खरेदीखतं चाळायची आणि विकणारा विकतो आहे ते खरोखर त्याचं आहे का, ते सांगायचं. त्यामुळे ‘मुंबईत वेळ शिल्लक नाही’ हे वाचल्यावर सवयीने पहिला प्रश्न पडला तो हा, की मग ती आहे कुणाच्या नावावर? कब्जेदाराच्या रकान्यात कोण? आणि मागोमाग दुसरा : ही नोंदवही ठेवणारा तलाठी कोण, आणि त्याचा पगार कोण देतं? या दोन प्रश्नांच्या मागे मी गेली काही वर्षं आहे. इंग्रजी निकालपत्रं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. वाचताना अनेकदा वाटलं, अरे, हे तर आपल्या निफाड-दिंडोरीतलंच प्रकरण आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. स्लॉट म्हणजे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची किंवा तिथून उडण्याची परवानगी. त्यात धावपट्टी आली, विमान उभं करायची जागा आली, टर्मिनलही आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरात एकच. ५ जून २०१८ रोजी तिथे चोवीस तासांत १००३ विमानांची ये-जा झाली होती. गर्दीच्या तासाला ४६ विमानं हा हिशेब अनेक वर्षं चालला. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने तो ४४वर आणायला लावला, कारण विमानं आकाशात घिरट्या घालत राहायची. विसेक माणसांचं विमान असो की एकशे ऐंशींचं, धावपट्टीवर त्याला वेळ लागते जवळपास तेवढीच. ओझरचं विमान मुंबईला का जड झालं, त्याचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे. उरलेल्या निम्म्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

एप्रिल १९४५मध्ये, युद्ध अजून संपलेलं नसताना, क्यूबातल्या हवाना शहरात विमानकंपन्यांनी ‘आयाटा’ ही आपली संघटना उभी केली. दोन वर्षांनी, १९४७पासून या कंपन्यांची वेळापत्रकवाली माणसं परिषदेसाठी जमू लागली. सुरुवातीचा हेतू साधा होता. लंडनला उतरणारं विमान पॅरिसहून सुटणाऱ्या विमानाशी जुळावं, एवढाच. विमानतळ भरू लागले तसं जुळवण्याचं काम मागे पडलं आणि वाटण्याचं पुढे आलं. आजही जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ही परिषद भरते, जगातल्या निरनिराळ्या शहरांत. लहान लहान टेबलं, टेबलावर एका बाजूला विमानतळाचा समन्वयक आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. ‘मला सकाळी सातचा द्या.’ ‘सातचा नाही, दुपारी सव्वादोनचा आहे.’ शिवाय कंपन्यांची आपसातली देवघेव वेगळी. खिल्लारी बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून जे चालतं, ते इथे संगणकासमोर चालतं.

या वाटपाचा पाया म्हणजे वहिवाट. इंग्रजीत त्याला आजोबांचा हक्क म्हणतात. आपल्याकडे आजोबांपेक्षा वहिवाट हा शब्द जास्त नेमका बसतो. मागच्या उन्हाळी हंगामात सोमवारी सातचा स्लॉट तुम्ही वापरला असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात तो तुमचाच. अट एक : मिळालेल्या वेळांपैकी किमान ८० टक्के वापरल्या पाहिजेत. कमी वापरल्या तर त्या सामायिक साठ्यात जमा होतात, आणि त्या साठ्यातला अर्धा वाटा नवख्या कंपन्यांना आधी द्यायचा. हंगामही दोनच, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. म्हणजे खरीप आणि रब्बी म्हणा. कसेल त्याची जमीन, तशी उडवेल त्याची वेळ. ऐकायला न्याय्य वाटतं. पण साठ्यात येतं काय? पहाटे तीनचं, दुपारी अडीचचं, किंवा फक्त मंगळवारचं. बागायत कुणी सोडत नाही. नवख्याच्या वाट्याला मुरमाड येतं.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला. न्यूयॉर्कची तीन, शिकागोचं ओहेअर आणि वॉशिंग्टनचं नॅशनल अशा पाच विमानतळांवर एप्रिल १९६९पासून तासाला अमुकच विमानं, अशी मर्यादा आली. वाटप कंपन्यांच्याच समित्यांनी एकमताने करायचं. त्यासाठी त्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली. दहा वर्षं हे निभावलं, कारण तोवर कुणी कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं हेही सरकारच ठरवत होतं. भांडण्यासारखं फारसं नव्हतंच. १९७८मध्ये तो ताबा उठला. १९८०मध्ये ‘न्यूयॉर्क एअर’ नावाची नवी कंपनी वॉशिंग्टनला स्लॉट मागत आली, आणि समिती अडली. एकमताचा नियम म्हणजे प्रत्येक सभासदाच्या हाती नकाराधिकार. आपल्या ग्रामपंचायतीत सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवताना ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. अखेर सरकारलाच वाटप करून द्यावं लागलं.

याच सुमाराला एक घटना घडली, ती मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात मजेची वाटते. १९७९मध्ये डेव्हिड ग्रेथर, मार्क आयझॅक आणि चार्ल्स प्लॉट या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारसाठी अहवाल लिहिला, की समित्या बंद करा आणि स्लॉटचा लिलाव करा. नुसतं मत मांडून ते थांबले नाहीत; माणसं बसवून त्यांनी प्रयोग केले, समितीत ती कशी वागतात आणि लिलावात कशी. पुढे १९८२मध्ये स्टीफन रासेंटी, व्हर्नन स्मिथ आणि रॉबर्ट बल्फिन यांनी एक नवी लिलावपद्धत मांडली. विमानाला उडायचा एक आणि उतरायचा एक असे दोन स्लॉट लागतात; एकच मिळाला तर तो कवडीमोलाचा. म्हणून बोली सुट्या वस्तूवर नको, जोडीवर लावू द्या, हे त्यांचं म्हणणं. जोडव्यवहाराचे हे लिलाव पुढे मोबाइलच्या ध्वनिलहरी विकायला जगभर वापरले गेले. व्हर्नन स्मिथ यांना २००२मध्ये प्रयोगाधिष्ठित अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळालं. ज्या विमानतळांसाठी ही कल्पना निघाली, तिथे मात्र ती आलीच नाही. २००८मध्ये न्यूयॉर्कला लिलाव करायचं सरकारने ठरवलं, तेव्हा न्यायालयातून स्थगिती आली आणि पुढच्या वर्षी योजनाच मागे घेतली गेली. २०१५च्या अखेरीस चीनने ग्वांगझूला लिलाव करून पाहिला आणि शांघायच्या पूडाँगला चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तेवढंच.

अमेरिकेने जे केलं ते लिलावाच्या उलट होतं. एलिझाबेथ डोल वाहतूकमंत्री असताना नियम निघाला, की १६ डिसेंबर १९८५ रोजी ज्याच्या हाती जो स्लॉट असेल तो त्याचा, आणि १ एप्रिल १९८६पासून तो विकता, भाड्याने देता येईल. त्याच नियमात असंही लिहिलेलं होतं, की स्लॉट ही मालमत्ता नव्हे, ती केवळ चालवण्याची सवलत आहे. माझ्या धंद्यात अशा जमिनीला फार सांभाळून हात लावतात. मालकी सरकारची, वहिवाट तुमची, आणि विक्रीचा पैसाही तुमचा! एका रात्रीत वाटलेली ही इनामं पुढे दिवाळखोरीत निघालेल्या ईस्टर्नसारख्या कंपनीच्या देणेकऱ्यांनी विकून पैसे केले. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. छोट्या गावांच्या अत्यावश्यक सेवेसाठी ठेवलेले स्लॉट या विक्रीतून वगळले होते. गावाचं गायरान विकता येत नाही, तसं.

लंडनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. हीथ्रोच्या वेळा वाटण्याचं काम १९९२पर्यंत ब्रिटिश एअरवेजचाच एक विभाग करत असे. म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात तलाठी कार्यालय. त्याने पक्षपात केलाच, असं म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही आणि तसं म्हणायची गरजही नाही. दप्तर वाड्यात असणं पुरेसं आहे. १९९२मध्ये त्यासाठी ‘एअरपोर्ट कोऑर्डिनेशन लिमिटेड’ ही वेगळी कंपनी झाली. भागधारक ब्रिटनच्याच विमानकंपन्या, कारभार मात्र स्वतंत्र. लगोलग जानेवारी १९९३मध्ये युरोपचा स्लॉट-नियम आला, क्रमांक ९५/९३. समन्वयक निःपक्ष हवा, ८० टक्क्यांची अट हवी, आणि कंपन्यांना आपसात स्लॉटची अदलाबदल करता येईल, असं त्यात होतं. विक्रीचा शब्द नव्हता. होकारही नाही, नकारही नाही.

आता ग्वर्नसी. इंग्लिश खाडीतलं छोटंसं बेट. तिथून हीथ्रोला ‘एअर यूके’ ही कंपनी उडत असे. तिने आपले हीथ्रोचे चांगले स्लॉट ब्रिटिश एअरवेजला दिले आणि बदल्यात कुणालाही नको असलेल्या वेळांचे घेतले, जे ती वापरणारही नव्हती. वर रोख रक्कम घेतली. बेटाचा हीथ्रोशी संबंध तुटला. बेटाचं वाहतूक मंडळ समन्वयक कंपनीविरुद्ध न्यायालयात गेलं : ही अदलाबदल नव्हेच, ही उघड विक्री आहे. मार्च १९९९मध्ये न्यायमूर्ती मॉरिस के यांनी दावा फेटाळला. एकाच्या बदल्यात एक दिला आहे, तेव्हा ती अदलाबदलच. सोबत पैसे दिले म्हणून ती रद्द होत नाही.

हे निकालपत्र वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. द्राक्षबागेच्या दोन एकरांबदली खडकाळ दोन गुंठे घ्यायचे, वरची रक्कम हातावर टेकवायची आणि कागदावर ‘अदलाबदल’ लिहायचं. असे दस्त पाहण्यात माझी उमेद गेली. या निकालाने हीथ्रोचा बाजार खुला झाला. २०१५मध्ये एसएएसने स्लॉटची एक जोडी अमेरिकन एअरलाइन्सला ६ कोटी डॉलरना दिली. २०१६मध्ये ओमान एअरने एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचं प्रसिद्ध झालं. आपली जेट एअरवेजही या बाजारात उतरली होती. २०१३च्या फेब्रुवारीत तिने हीथ्रोच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकल्या आणि त्याच भाड्याने परत घेऊन मुंबई-लंडन उडवत राहिली. घर विकून त्याच घरात भाडेकरू व्हावं तसं. यातला एक पैसाही धावपट्टी बांधणाऱ्याला, आवाज सोसणाऱ्या शेजाऱ्याला किंवा वेळ जिने वाटली त्या नोंदवहीला मिळाला नाही.

इथे तलाठ्याच्या पगाराचा प्रश्न येतो. कोट्यवधींची वस्तू फुकट वाटणाऱ्या माणसाचं पोट कुणी भरायचं? अमेरिकेत ते काम हवाई प्रशासन स्वतः करतं. त्याचा खर्च बराचसा १९७०मध्ये उभारलेल्या विश्वस्त निधीतून येतो, आणि त्या निधीत प्रवाशाच्या तिकिटावरचा कर जातो. फ्रान्समध्ये १९९६पासून ‘कोहोर’ नावाची संस्था आहे. कंपन्या आणि विमानतळ दोघे मिळून ती चालवतात. ब्रिटनमध्येही भार दोघांवर. २००४मध्ये युरोपच्या नियमात एक कलम घातलं गेलं, की समन्वयकाला पैसा पुरवण्याची पद्धतच अशी हवी, की त्याचं स्वातंत्र्य शाबूत राहील. बारा वर्षांनी या वाक्याची परीक्षा झाली. लिस्बनचा समन्वयक हा विमानतळ चालवणाऱ्या ‘आना’ कंपनीचाच एक विभाग होता. २ जून २०१६ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की हे चालणार नाही. विभागावर वेगळी पाटी लावली म्हणून माणूस स्वतंत्र होत नाही. त्याची कामाची चौकट आणि त्याचा पैसा, दोन्ही एका पक्षाच्या मुठीबाहेर हवेत.

मग आपल्याकडे? सरकारची २००७ची आणि सुधारून काढलेली २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वहिवाट, ८० टक्के, नवख्यांचा वाटा, सगळं आयाटाच्या धाटणीचं. वाटपाचं काम मात्र विमानतळ चालवणाऱ्याकडेच आहे : कुठे विमानतळ प्राधिकरण, कुठे खाजगी कंपनी. कंपन्या, नागरी विमान महासंचालनालय यांच्यासोबत बैठका होतात, वेळापत्रकावर शेवटची मोहोर महासंचालनालयाची. या कामाचा वेगळा आकार प्रवाशाच्या तिकिटावर कुठे दिसत नाही. विमानतळाच्या बाकीच्या खर्चात तो मिसळून जातो. ज्या रचनेला लिस्बनमध्ये न्यायालयाने दोष दिला, ती आपल्याकडे नेहमीची आहे. आणि मुंबई व नवी मुंबई ही दोन्ही विमानतळं आता एकाच उद्योगसमूहाच्या हाती आहेत, हेही नोंदवून ठेवतो. आरोप म्हणून नव्हे; उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, त्यात लिहावं तसं.

कसण्याच्या अटीतून काय काय निघतं, त्याचा एक नमुना. ब्रिटिश मेडिटेरेनियन नावाच्या कंपनीने ताश्कंदचा मार्ग बंद केला, पण हीथ्रोचा स्लॉट जाऊ नये म्हणून ती १२४ आसनांचं विमान हीथ्रो ते कार्डिफ आणि परत असं उडवत राहिली, एकही प्रवासी न घेता. हे २००७मध्ये बाहेर आलं. पीकपाहणीच्या आधी पडीक रानात चार दाणे फेकून ‘बाजरी’ लिहून घेणारे मला ठाऊक आहेत. पण त्यांचं बियाणं तरी स्वस्त असतं. करोनाच्या सुरुवातीलाही रिकामी विमानं उडू लागली, तेव्हा मार्च २०२०मध्ये युरोपला ही अट स्थगित करावी लागली.

मालकी नेमकी कुणाची, हे माणूस मेल्यावर कळतं. कंपनीचंही तसंच. ब्रिटनची मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ला कोसळली. समन्वयकाने तिला पुढच्या हंगामाचे स्लॉट नाकारले. अपील न्यायालयाने २२ नोव्हेंबरला निकाल फिरवला आणि मेलेल्या कंपनीच्या नावे वहिवाट लागली. तिचे गॅटविकचे स्लॉट ब्रिटिश एअरवेजच्या मालक समूहाने घेतले, पैसा देणेकऱ्यांसाठी आला. जेट १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिच्या मुंबईत २८० आणि दिल्लीत १६० वेळा मोकळ्या झाल्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकिटं भडकू नयेत म्हणून सरकारने त्या तात्पुरत्या म्हणून इतर कंपन्यांना वाटून टाकल्या. पुढे दिवाळखोरी न्यायाधिकरणासमोर कंपनी पुन्हा उभी करायची योजना आली, तेव्हा सरकारचं म्हणणं स्पष्ट होतं : बंद पडलेल्या कंपनीला जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येणार नाही. ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार अडकलेले होते. इंग्लंडमध्ये असते तर त्यांच्या थकबाकीमागे मुंबईच्या सकाळच्या वेळांची किंमत उभी राहिली असती. इथे ती राहिली नाही.

यातलं बरोबर कोणतं, यावर माझं मत अनेकदा बदललं. सार्वजनिक वस्तू विकू देऊ नये, हे मला पटतं. त्या बाबतीत आपलं सरकार ब्रिटनहून बरोबर होतं. पण वस्तू सार्वजनिक असेल तर तिची नोंदवही सार्वजनिक हवी, आणि वाटणाऱ्याने गायरानही राखायला हवं. सिडनीत १९९७च्या कायद्याने तासाला ८० विमानांची मर्यादा आहे. मागणी तिथेही प्रचंड, मोठ्या कंपन्या तिथेही जबर. तरी न्यू साउथ वेल्समधल्या आतल्या गावांच्या विमानांसाठी काही वेळा कुंपण घालून राखल्या आहेत. त्या दुसऱ्या मार्गाला वळवता येत नाहीत. नाशिक, जळगाव, कोल्हापूर यांच्यासाठी ‘उडान’ने तिकिटाचा तोटा भरून द्यायची सोय केली, आणि त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकारही घेतला. पैशाचं कुंपण घातलं. वेळेचं घालायचं राहिलं.

ग्वर्नसीला हीथ्रोचं विमान पुन्हा मिळालं ते २०१९च्या मार्चअखेरीस, एकवीस वर्षांनी. फ्लायबी या कंपनीने ते सुरू केलं. बेटावर आनंद झाला. उन्हाळी हंगाम पार पडला आणि ऑक्टोबरमध्ये, हिवाळी वेळापत्रक लागताना, ते बंद झालं. ओझरला परवा सहज जाऊन आलो. धावपट्टी चांगली लांबरुंद आहे, उन्हात मोकळी पडलेली होती.